माहिती पुरेशी आहे काय?

आमच्या घरांतील एक पुतण्या व्यवस्थापनशास्त्राच्या प्रवेशाकरितां जीमॅट परीक्षेच्या तयारींत आहे. सराव-परीक्षेंत त्याला गुण कमी पडले, तेव्हां 'मुलगा अभ्यास करीत नाहीं' असा निकाल आम्ही वडीलधाऱ्यांनीं देऊन टाकला. पुढें त्याची वही चाळली, तों बहुतेक चुका एकाच जातीच्या निघाल्या. 'माहितीची पर्याप्तता' या प्रकारांतील असमतेचे प्रश्न त्याला दगा देत होते. अशीं मुलें पुष्कळ घरीं असतील, म्हणून हा प्रपंच.

या प्रश्नांत उत्तर काढावयाचें नसतें. दिलेल्या दोन विधानांवरून तें निश्चित ठरतें कीं नाहीं, एवढेंच सांगावयाचें असतें. प्रश्न असा घ्या: क्ष हा १ पेक्षां मोठा आहे काय? पहिलें विधान: १ भागिले क्ष हें १ पेक्षां लहान आहे. दुसरें विधान: क्ष धन आहे.

उतावळा विद्यार्थी पहिलें विधान वाचतांच दोन्ही बाजूंस क्षनें गुणतो, 'क्ष १ पेक्षां मोठा' असें मिळवितो आणि स्वस्थ होतो. परंतु क्ष ऋण असला तर? ऋण संख्येनें गुणिलें असतां असमतेचें चिन्ह उलटतें. क्ष = २ घेतल्यास विधान खरें व उत्तर 'होय'; क्ष = −१ घेतल्यासही विधान खरें, पण उत्तर 'नाहीं'. जेथें दोन्ही उत्तरें संभवतात, तेथें माहिती अपुरी. दुसरें विधान एकटें घेतल्यास २ व १/२ या संख्यांनीं तीच गत होते. दोन्ही एकत्र घेतलीं म्हणजे मात्र क्षचें चिन्ह कळतें, गुणाकार निर्धास्त होतो आणि 'होय' हेंच उत्तर उरतें.

दुसरें उदाहरण: क्ष हा य पेक्षां मोठा आहे काय? क्षचा वर्ग यच्या वर्गाहून मोठा आहे, एवढ्यानें कांहीं ठरत नाहीं. ३ व २ घ्या, मग −३ व २ घ्या. परंतु त्या दोहोंची बेरीज धन आहे असेंही कळलें, तर वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी, हें सूत्र कामास येतें. गुणाकार धन, एक अवयव धन. तेव्हां दुसराही धनच. क्ष मोठा ठरला.

आणखी एक गोष्ट मुलांच्या मनावर बिंबवावी. निश्चित 'नाहीं' मिळालें तरी माहिती पुरेशीच होय. क्ष ऋण आहे काय, असें विचारलें असतां 'क्ष ५ पेक्षां मोठा आहे' हें विधान पूर्णपणें पुरेसें आहे. आणि कोणतेंही विधान पुरेसें म्हणण्यापूर्वीं धन, ऋण, शून्य व अपूर्णांक अशा चारही संख्या, जेथें चालतील तेथें, घालून पाहाव्या.

पुतण्याविषयींचा आमचा निकालही एकाच विधानावर बेतलेला होता. तो आम्हीं मागें घेतला, आणि त्याच्याजवळ तसें बोलूनही दाखविलें.