मशीनचे पाणी जाते कुठे?

वॉशिंग मशीन घ्यायला कुटुंब दुकानात गेले, की प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. किती किलोचे? वीज किती खाते? हप्ता किती बसेल? मोटारीची वॉरंटी किती वर्षांची? झाकणाचा रंग कोणता, इथपर्यंत चौकशी होते. एक प्रश्न मात्र बहुधा कुणाच्या तोंडी येत नाही. धुऊन झालेले पाणी या मशीनमधून बाहेर कसे पडते? हा प्रश्न पुढे घरी, सिंकखाली वाकून बसलेल्या प्लंबरला पडतो आणि तोवर पैसे भरून झालेले असतात.

तंजावरच्या जुन्या मराठी घरांत हा प्रश्न फार ठळकपणे समोर येतो. व्यंकोजीराजे भोसले सन १६७६च्या सुमारास तंजावरच्या गादीवर बसले. त्यांच्या आणि त्यांच्या वंशजांच्या काळात जी मराठी कुटुंबे तिकडे गेली, त्यांच्या पुढच्या पिढ्या आजही तंजावरात आहेत. घरात जुन्या वळणाची मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ, असा त्यांचा संसार. त्या भागातल्या जुन्या घरांची मांडणीही तिकडचीच, लांबट. पुढे तिण्णै म्हणजे ओसरी, मध्ये मुट्रम म्हणजे उघडा चौक आणि शेवटी कोल्लै म्हणजे परस. विहीर परसात आणि कपडे धुण्याचा दगडही तिथेच.

अशा घरात मशीन ठेवायचे कुठे? चौक वरून उघडा. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिकडचा मोठा पावसाळा, तेव्हा तिथे विजेचे यंत्र ठेवणे म्हणजे संकटाला आमंत्रण. परसातही तीच गत. नळ, पाणी जायची वाट आणि डोक्यावर छप्पर या तिन्ही गोष्टी एकत्र मिळतात त्या स्वयंपाकघरात. म्हणून मशीन ओट्याशेजारी येऊन बसते आणि त्याच्या दोन्ही नळ्या सिंकखाली जातात. पुण्या-मुंबईच्या छोट्या फ्लॅटमध्येही चित्र वेगळे नसते. तेव्हा तंजावरच्या ओट्याखाली जे घडते, ते दादर-डोंबिवलीच्या ओट्याखालीही घडते.

आधी जाणारे पाणी

मशीनला दोन नळ्या असतात. एकीतून पाणी येते, दुसरीतून जाते. घरातल्यांचे लक्ष येणाऱ्या नळीकडे असते. पण घोटाळे होतात ते जाणाऱ्या नळीमुळे.

याचे कारण मशीनच्या प्रकारात आहे. फ्रंट लोडिंग, म्हणजे पुढून दार असलेल्या मशीनमध्ये पाणी उपसणारा छोटा पंप असतो. तो पाणी वर ढकलतो, त्यामुळे त्याची नळी उंचावर अडकवता येते आणि सिंकच्या पाइपला जोडता येते. वरून झाकण असलेल्या टॉप लोडिंग मशीनची गोष्ट वेगळी. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच टॉप लोडिंग आणि सेमी-ऑटोमॅटिक मशीनमध्ये पंप नसतो. तळाची झडप उघडते आणि पाणी आपल्या वजनाने, उताराने बाहेर पडते. अशा मशीनची नळी जमिनीलगतच हवी. ती सिंकखालच्या पाइपला उंचावर जोडली, तर पाणी जाणारच नाही. कपडे साबणाच्या पाण्यात पडून राहतात, मशीन मध्येच थांबते आणि घरातली बाई तांब्याने पाणी उपसत बसते. जे कष्ट वाचावेत म्हणून मशीन घेतले, तेच पुन्हा दारात उभे.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न हाच विचारावा: “पाणी पंपाने जाते की उताराने?” विक्रेत्याला सांगता आले नाही, तर मशीनसोबतची पुस्तिका उघडून दाखवायला सांगावे. उताराचे मशीन असेल, तर त्याला सिंक उपयोगाचे नाही. त्याला हवी जमिनीतली मोरी.

या मोरीच्या तोंडाशी जे भांडे बसवतात, त्याला देशभरातल्या बांधकामाच्या कागदपत्रांत ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपल्या न्हाणीघरातलीच ही न्हाणी. या ट्रॅपमध्ये थोडे पाणी कायम साचून राहते आणि त्यामुळे गटारातला वास आणि झुरळे वर येत नाहीत. मशीनची नळी या ट्रॅपवर सोडताना तिचे टोक साचलेल्या पाण्यात बुडू देऊ नये आणि भोवती कापड कोंबून भोक घट्ट बंदही करू नये. हवेला वाट राहिली, तरच पाणी मोकळे वाहते.

सिंकला जोडताना

पंपाचे मशीन असेल, तर सिंकखालची जोडणी करता येते. मात्र आधी सिंकखाली काय आहे ते वाकून पाहावे. अनेक घरांत सिंकच्या जाळीपासून एक वळ्यावळ्यांची लवचीक नळी निघते आणि ती थेट भिंतीतल्या नाहीतर जमिनीतल्या भोकात खोचलेली असते. तिला मशीनची नळी जोडायला जागाच नसते. काही जण त्याच भोकात मशीनचीही नळी कोंबतात. पंप जोरात पाणी सोडू लागला, की ती नळी उसळून बाहेर येते आणि स्वयंपाकघराचे तळे होते.

यावर उपाय म्हणजे मशीनसाठी वेगळे तोंड असलेला बॉटल ट्रॅप. हा ट्रॅप सिंकखाली बसवतात. त्याचे हे तोंड साचलेल्या पाण्याच्या पातळीच्या वर असते, त्यामुळे मशीनचे पाणीही ट्रॅपमधून जाते आणि वास अडतो. मशीनची नळी या तोंडावर चढवून स्टीलच्या क्लिपने आवळायची. नवीन ट्रॅपचे हे तोंड काही वेळा आतून प्लॅस्टिकच्या पडद्याने बंद केलेले असते. तो पडदा कापायचा राहून गेला, की मशीन पाणी सोडत नाही आणि दोष विनाकारण पंपाच्या माथी बसतो.

नळी सरळ मशीनकडून ट्रॅपकडे न्यायची नाही, ही दुसरी महत्त्वाची गोष्ट. ती आधी ओट्याच्या खालच्या बाजूपर्यंत वर न्यावी, तिथे हुकाने अडकवावी आणि मग ट्रॅपकडे खाली आणावी. बहुतेक फ्रंट लोडिंग मशीनच्या पुस्तिकांत हे वळण जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटिमीटर, म्हणजे दोन ते सव्वातीन फूट उंच ठेवायला सांगितलेले असते. आपल्या मशीनचा नेमका आकडा पुस्तिकेतच पाहावा. हे वळण नसेल तर दोन गोष्टी होतात. एक तर सिंकमधले खरकटे पाणी नळीतून उलटे मशीनमध्ये उतरते. दुसरे म्हणजे, नळीचे टोक फार खाली राहिल्यास मशीन एकीकडे पाणी भरत असते आणि दुसरीकडे ते आपोआप ओघळून जात असते. टाकी रिकामी होते आणि कपडे कोरडेच.

खुद्द सिंकचा पाइप मोकळा असणे तर सगळ्यांत गरजेचे. तंजावरच्या स्वयंपाकघरात फिल्टर कॉफीचा चोथा आणि चिंचेचा चोथा रोजचा. आपल्याकडे चहाची पत्ती आणि फोडणीचे तेल. हे सगळे पाइपात थराथराने बसते. भांडी घासताना पाणी सावकाश जाते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. मशीन मात्र पाणी एकदम सोडते. अर्धवट तुंबलेला पाइप ते सामावून घेऊ शकत नाही आणि मग काळे साबणाचे पाणी सिंकच्या जाळीतून वर येते, घासून ठेवलेल्या भांड्यांत.

परसातल्या विहिरीला जपावे

जुन्या घरात एक मोह होतो. नळी मागच्या दाराने बाहेर काढायची आणि पाणी परसात सोडून द्यायचे. पूर्वी भांड्यांचे पाणी केळीच्या आळ्यात जाई, तसेच हेही जाईल, असे वाटते. पण राखेने घासलेल्या भांड्यांचे पाणी वेगळे आणि डिटर्जंटचे वेगळे. त्यातले क्षार जमिनीत साठतात. विहीर जवळ असेल, तर हे पाणी मुरून तिच्यापर्यंत पोहोचू शकते.

तामिळनाडूत २००३ साली सर्व इमारतींना पावसाचे पाणी जिरवण्याची व्यवस्था सक्तीची झाली. त्यासाठी घरोघर शोषखड्डे झाले आणि गच्चीचे पाणी विहिरीकडे वळवले गेले. त्या खड्ड्यात किंवा त्याच्या पाइपात मशीनची नळी कधीही सोडू नये. पावसाचे स्वच्छ पाणी भूगर्भात जावे म्हणून केलेल्या वाटेने साबण खाली जातो. महाराष्ट्रातही ज्या सोसायट्यांत असे खड्डे आहेत, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. मशीनचे पाणी सांडपाण्याच्याच वाटेने गेले पाहिजे.

दुसऱ्या सरफोजीराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७९८ ते १८३२ या काळात, तंजावर शहरात सांडपाण्यासाठी जमिनीखालून गटारे बांधली गेली, असे सांगितले जाते. ग्रंथसंग्रहासाठी सरस्वती महालाबरोबर ज्यांचे नाव घेतले जाते, तेच हे राजे. पिण्याचे पाणी आणि टाकाऊ पाणी यांच्या वाटा वेगळ्या ठेवण्याचा विचार त्या शहराला नवा नाही.

येणारे पाणी

आता दुसरी नळी. सिंकखाली नळाकडे जाणारा जो छोटा कॉक असतो, त्याला अँगल कॉक म्हणतात. त्याचा आटा बहुधा अर्ध्या इंचाचा असतो, तर मशीनच्या नळीचा पाऊण इंचाचा. म्हणून दोन तोंडांचा, मशीनच्या नळीला बसेल असा टू-वे कॉक घ्यावा. मशीनच्या तोंडाला स्वतंत्र चावी हवीच. ती नसेल, तर मशीन दुरुस्त करताना सगळ्या घराचे पाणी बंद करावे लागते.

कॉक पाइपला बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळतात. नळीच्या टोकाला मात्र टेपची गरज नसते, तिथे आतला रबरी वॉशर पाणी अडवतो. नळीची प्लॅस्टिकची चकती हाताने घट्ट करावी. पान्ह्याने जोर लावला, तर ती तडकते.

मशीनला पाण्याचा दाबही लागतो. अनेक फुल्ली ऑटोमॅटिक मशीनना कमीत कमी ०.३ बार दाब हवा असतो. याचा सोपा अर्थ असा, की टाकीतल्या पाण्याची पातळी मशीनपेक्षा निदान तीन मीटर, म्हणजे सुमारे दहा फूट उंच हवी. दाब ठरतो तो उंचीवर, टाकीच्या आकारावर नव्हे. ५०० लिटरची टाकी काढून त्याच जागी १००० लिटरची ठेवली, म्हणून दाब दुप्पट होत नाही. बैठ्या घराच्या गच्चीवर चौथरा बांधून टाकी ठेवली, तर काम भागते. इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर मात्र टाकी डोक्यालगत असते, तिथे अडचण येते.

मशीनमध्ये नळी जिथे बसते, तिथे एक बारीक जाळी असते. वाळू आणि गंज तिथे अडकतो. दर महिना-दोन महिन्यांनी चावी बंद करून ती धुवावी. तंजावरात जुन्या काळी शेवप्पा नायकांच्या तळ्यातले पाणी गाळ खाली बसल्यावर जमिनीखालच्या वाटेने शिवगंगा तळ्यात आणले जाई. पाणी निवळून मगच पुढे पाठवण्याचे ते काम आज ही रुपयाएवढी जाळी करते. ती तुंबली, की मशीन भरायला अर्धा तास लावते आणि लोक नवा पंप बसवण्याच्या गोष्टी करू लागतात.

वीज आणि पाणी यांत अंतर

सिंकखाली प्लग बसवू नये आणि एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवू नये. पाणी गरम करणारी मशीन दोन हजार वॉटच्या आसपास वीज ओढतात. त्यांना १६ अँपिअरचा, तीन पिनांचा, नीट अर्थिंग असलेला सॉकेट लागतो. तो सिंकपासून बाजूला आणि पाणी उडणार नाही इतका उंच असावा. जुन्या घरांत तिसऱ्या भोकात पुष्कळदा अर्थिंगची तार जोडलेलीच नसते. इलेक्ट्रिशियनकडून ते तपासून घ्यावे. वीज गळू लागताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला, तर उत्तम. ओल्या जमिनीवर उघड्या पायांनी उभी असलेली व्यक्ती हीच इथे धोक्यात असते. या एका बाबतीत काटकसर जिवावर बेतू शकते.

जोडणी झाल्यावर प्लंबरला लगेच निरोप देऊ नये. कपडे न घालता एक पूर्ण फेरी चालवावी. सिंकखाली कोरडे वर्तमानपत्र पसरावे. थेंब पडला, तर कागदावर डाग लगेच दिसतो. पाणी सुटताना सिंकच्या जाळीकडे पाहावे, ते वर येते का? रोजचे धुणे झाले, की नळाची चावी बंद करावी. घर बंद करून गावाला जाताना तर नक्कीच. रबरी नळीला फुगवटा किंवा चीर दिसली, तर ती फुटायची वाट पाहू नये.

आणि मशीन घरी येण्याआधी एक सोपी परीक्षा. बादलीभर पाणी सिंकमध्ये एकदम ओतून पाहावे. पाणी गरगरत झटकन निघून गेले, तर वाट मोकळी आहे. ते चढून तिथेच रेंगाळले, तर दुकानात जायच्या आधी पाइप साफ करून घ्यावा.