बोली लावणारे आहेत, बाजू मांडणारे कोण?

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने इराणला ३३-२९ असे हरवून कबड्डीचे सुवर्णपदक परत मिळवले, तेव्हा त्या संघात नाशिकचा आकाश शिंदे होता आणि शेजारच्या नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार होता. पुढे पाचच महिन्यांत, १ मार्च २०२४ रोजी, या दोघांच्या पुणेरी पलटणने हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ अशी मात करून प्रो कबड्डीचे पहिले विजेतेपद पटकावले. कर्णधार अस्लमच होता. आपल्या जिल्ह्यातल्या क्रीडा मंडळांत संध्याकाळी घाम गाळणाऱ्या मुलांना हे यश फार जवळचे वाटते. कबड्डी खेळून पोट भरता येते, नाव कमावता येते, हे आता घरच्यांना पटवावे लागत नाही. मात्र या व्यवसायात आज खेळाडूवर बोली लावणारे बारा संघमालक आहेत आणि सगळ्या खेळाडूंच्या वतीने वाटाघाटीला बसणारी एकही मान्यताप्राप्त संघटना नाही. ही उणीव भरून निघाल्याशिवाय कबड्डीला खऱ्या अर्थाने व्यवसाय म्हणता येणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

२०१४ पूर्वी कबड्डी हा नोकरीकडे नेणारा रस्ता होता. रेल्वे, पोलीस, बँका, महिंद्रसारख्या कंपन्या खेळाडूंना कामावर घेत. पगार बेताचा असे, पण गुडघा गेला तरी नोकरी जात नसे. नाशिकच्या इतर खेळाडूंच्या वाटचालीतही हाच आधार दिसतो. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ सैन्यात भरती झाला, तिथे नौकानयन शिकला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपर्यंत पोहोचला. जुलै २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि नोकरीच्या जागी लिलाव आला. २०१८ मध्ये इराणच्या फझल अत्राचलीवर एक कोटीची बोली लागली, २०२३ मध्ये पवन सेहरावतसाठी दोन कोटी साठ लाखांवर रक्कम मोजली गेली. हे आकडे वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत येतात. त्याच २०२३ च्या लिलावात सर्वांत खालच्या ‘ड’ गटाची पायाभूत किंमत नऊ लाख होती, आणि बोलीच न लागलेले खेळाडू त्याहून खाली, हे मथळ्यांत येत नाही. लीगचे सामने वर्षातले जेमतेम तीन महिने चालतात. पुढच्या लिलावात आपले नाव पुकारले जाईल की नाही, हे बहुतेकांना माहीत नसते.

एक चढाई डोळ्यांसमोर आणा. हाताशी फक्त तीस सेकंद आहेत. चढाईपटू बोनस रेषेकडे पाय लांबवतो, मागचा पाय मॅटवर घट्ट रोवलेला असतो. कोपऱ्यातला बचावपटू झेप घेऊन घोटा धरतो, दुसरा कमरेला विळखा घालतो आणि तीन-चार जणांचे वजन त्या रोवलेल्या पायावर पडते. पाय जागेवर राहतो आणि धड वळते, तेव्हा गुडघ्यातला अस्थिबंध तुटू शकतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये सव्वादोन कोटींहून अधिक बोली लागलेला पवन पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून अख्ख्या हंगामाला मुकला. तो पवन होता म्हणून पुढच्या वर्षी त्याच्यावर आणखी मोठी बोली लागली. कोल्हापूरच्या चंदगड भागातला सिद्धार्थ देसाई एका हंगामात ३६ लाखांवरून एक कोटी ४५ लाखांवर गेला आणि नंतर खांद्याच्या दुखापतीने एका हंगामात तीनच सामने खेळू शकला. त्याचेही नाव मोठे होते, त्यामुळे त्याला पुन्हा संधी मिळाली. नऊ लाखांच्या खेळाडूसाठी कोण थांबणार? दुखापत नसली तरी खेळ थांबू शकतो. ऑक्टोबर २०१९ नंतर करोनामुळे लीगचा पुढचा सामना थेट डिसेंबर २०२१ मध्ये झाला. विशीतल्या खेळाडूच्या आयुष्यात ही दोन वर्षे पुन्हा येत नाहीत.

या प्रश्नावर ऑस्ट्रेलियाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तिथला ‘ऑस्ट्रेलियन रुल्स’ फुटबॉल आपल्या कबड्डीसारखाच मातीतला खेळ. मेलबर्नमध्ये १८५९ साली त्याचे नियम लिहिले गेले आणि व्यावसायिक पातळीवर तो आजही त्याच देशात खेळला जातो. युरोपात जाऊन खेळण्याचा पर्याय फुटबॉलपटूला असतो, तसा या खेळाडूला नाही; मालकांचा एकच बाजार, त्यातच राहायचे. अंगाला अंग भिडते, गुडघे आणि खांदे जातात, कारकीर्द थोड्या वर्षांची असते. तिथल्या खेळाडूंनी १९७३ मध्ये स्वतःची संघटना काढली. आज लीगमध्ये १८ क्लब आहेत आणि ही संघटना लीगशी काही वर्षांसाठी एकच सामूहिक करार करते. राष्ट्रीय ड्राफ्टमधून निवडलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला किमान दोन वर्षांचा करार मिळतो. किमान मानधन ठरलेले असते. दुखापतग्रस्तांसाठी आणि निवृत्तांसाठी निधी असतो, खेळत असतानाच शिक्षणाची सोय असते. २०२३ च्या करारानुसार लीग आणि क्लबांच्या ठरावीक महसुलातला तीस टक्क्यांहून थोडा अधिक वाटा खेळाडूंना मिळतो, आणि पुरुष व महिला दोघांसाठी हा पहिलाच एकत्रित करार आहे. यातली कोणतीही गोष्ट मालकांनी उदारपणे देऊ केलेली नाही. खेळाडू एकत्र बसले, अडून राहिले, म्हणून ती कागदावर आली.

महिलांच्या बाबतीतली तुलना जास्त झोंबते. ऑस्ट्रेलियाची महिला लीग २०१७ मध्ये आठ संघांनी सुरू झाली, २०२२ पर्यंत सर्व १८ क्लबांचे महिला संघ उभे राहिले. आपल्याकडे महिला कबड्डी चॅलेंज त्याच्या एक वर्ष आधी, २०१६ मध्ये, तीन संघांनी सुरू झाली आणि एका हंगामानंतर बंद पडली. आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या महिलांना आपली लीग का थांबली, हे विचारायलाही सामूहिक व्यासपीठ नव्हते.

ऑस्ट्रेलियातही सारे आलबेल आहे असे नाही, आणि तेही इथे सांगायला हवे. डोक्याला वारंवार बसणाऱ्या माराकडे त्या लीगने फार उशिरा लक्ष दिले. डॅनी फ्रॉली आणि शेन टक या माजी खेळाडूंच्या मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूत अशा माराशी जोडला जाणारा आजार आढळला, आणि २०२३ मध्ये माजी खेळाडूंनी व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयात सामूहिक दावा दाखल केला. म्हणजे संघटना पन्नास वर्षे जुनी असूनही खेळाडूंना न्यायालयाची पायरी चढावी लागली. यावरून कुणी संघटना निरुपयोगी ठरवील, पण मला उलटे वाटते. जिथे संघटित खेळाडूंचाही आवाज पोहोचायला इतकी वर्षे लागतात, तिथे सुट्या-सुट्या खेळाडूचे कोण ऐकणार?

या मागणीवर घेतले जाणारे आक्षेप वजनदार आहेत. पहिला पैशांचा: ऑस्ट्रेलियातल्या लीगचे प्रक्षेपण हक्क अब्जावधी डॉलरचे, कबड्डीला ते कुठून परवडणार? पण इथे प्रश्न रकमेचा नसून वाटणीचा आहे. उत्पन्न कमी असेल तर वाटाही कमी येईल. तो किती आणि कशाच्या आधारावर, हे दोन्ही बाजूंनी मिळून ठरवले पाहिजे. दुखापतीच्या काळातले मानधन आणि किमान दोन हंगामांचा करार यांसाठी अब्जावधी लागत नाहीत. दुसरा आक्षेप असा की महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, मग वेगळे संरक्षण कशाला? हे आरक्षण मोलाचे आहे आणि ते टिकलेच पाहिजे. मात्र त्यासाठी ठरावीक स्पर्धांतले प्रावीण्य लागते. लीगच्या मॅटवर पाय मोडलेल्या प्रत्येकाला ते मिळत नाही. शिवाय ज्या धंद्यातून मालक आणि प्रक्षेपक कमावतात, त्यातल्या जखमांचा खर्च जनतेच्या तिजोरीवर का टाकायचा? तिसरा आक्षेप खेळाडूंकडूनच येतो: बोलले तर पुढच्या लिलावात नाव मागे पडेल. ही भीती खरी आहे आणि म्हणूनच सुरुवात तारांकित खेळाडूंनी करायला हवी. दोन कोटींच्या खेळाडूला कोणी सहजी वगळू शकत नाही. क्रिकेटमध्ये लोढा समितीच्या शिफारशीनंतर २०१९ मध्ये खेळाडूंची संघटना झाली, पण ती निवृत्तांपुरतीच राहिली. कबड्डीने ती चूक करू नये. ज्यांच्यावर आज बोली लागते तेच तिचे सभासद असायला हवेत.

या कामात पुढाकार महाराष्ट्राने घ्यावा. कबड्डीमहर्षी बुवा साळवींच्या या राज्यात कबड्डीच्या संघटनेची घडी बसली. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, आपण कबड्डी दिन म्हणून पाळतो. यू मुंबा आणि पुणेरी पलटण हे लीगचे दोन संघ इथले आहेत. त्यांनी ठरवले तर करारात दुखापतीचे मानधन, उपचारांची हमी आणि शिक्षणाची अट पुढच्या हंगामापासून घालता येईल. तोवर नाशिकमधल्या क्रीडा मंडळांनी आणि प्रशिक्षकांनी एक गोष्ट करावी: मुलाला करार सहीसाठी आला की तो वकिलाकडून वाचून घ्यावा आणि मुलाचे बारावी-पदवीचे वर्ष वाया जाऊ देऊ नये. चढाईला जाणारा गडी एकटाच रेषा ओलांडतो, पण बाद झाला तर त्याला परत आणायला मागे सहा जण असतात. कबड्डीचा हा साधा नियम मॅटवर जसा पाळला जातो, तसाच तो कराराच्या कागदावरही यायला हवा.