औषध पोचले, अपराधी भाव कायम
एचआयव्हीसह जगणाऱ्यांना समदुःखींच्या आधाराची गरज

भोकरदन (प्रतिनिधी) - एचआयव्हीची लागण म्हणजे मृत्यूची चाहूल, हे समीकरण वैद्यकशास्त्राने केव्हाच मोडीत काढले आहे. औषधे नियमित घेतल्यास रक्तातील विषाणूचे प्रमाण चाचणीत न सापडण्याइतके घटते. ही स्थिती टिकून राहिल्यास लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हेही सिद्ध झाले आहे. तरीही भोकरदनसारख्या तालुक्याच्या गावी उपचारांच्या मार्गातील मोठा अडसर रुग्णाच्या स्वतःच्या मनात असतो.

देशात १ एप्रिल २००४ पासून मोफत एआरटी उपचार सुरू झाले. निदान होताच प्रत्येकाला औषध देण्याचे धोरण २०१७ मध्ये आले. त्याच वर्षी संमत झालेला एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ रोजी अमलात आला. नोकरी, शिक्षण आणि उपचारांतील भेदभावास त्याने मनाई केली. संमतीविना कोणाचा आजार उघड करणे बेकायदा ठरविले. मात्र 'आपलेच चुकले, आपण कोणत्याही मदतीला पात्र नाही' या भावनेवर कायद्याची मात्रा चालत नाही. अभ्यासक या भावनेला 'आत्मकलंक' म्हणतात. पतीकडून लागण झालेली विधवाही अनेकदा स्वतःलाच दोष देत राहते.

लहान गावात ही भावना अधिक घट्ट होते, कारण येथे प्रत्येकजण कोणाच्या तरी ओळखीचा असतो. एसटीच्या साध्या बसमध्ये एचआयव्हीबाधितांसाठी प्रवास सवलत आहे; पण ती मिळवायची तर वाहकाला ओळखपत्र वा दाखला दाखवावा लागतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत या आजाराचा समावेश आहे; पण त्यासाठी तहसील कार्यालयात अर्ज करावा लागतो. त्यामुळे हक्काची मदत सोडून देणे, जालन्याचे केंद्र टाळून दूरच्या शहरात जाणे, औषधाची बाटली लपविणे आणि शेवटी उपचारच थांबविणे, अशी ही उतरंड असते. ही भीती निराधारही म्हणता येत नाही. २००९ मध्ये लातूर जिल्ह्यातील हासेगाव येथे बाधित मुलांच्या शाळाप्रवेशाला गावातून विरोध झाला होता.

समुपदेशक औषधाची माहिती देऊ शकतो. परंतु 'मीही हेच औषध घेतो, माझा संसार चालला आहे' हे वाक्य केवळ समदुःखी व्यक्तीच उच्चारू शकते. या आधाराची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. गोव्यात डॉमिनिक डिसोझा यांना १९८९ मध्ये केवळ एचआयव्हीबाधित म्हणून ६४ दिवस स्थानबद्ध ठेवण्यात आले. त्यांनी १९९२ मध्ये 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली. १९९७ मध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्यांचे राष्ट्रीय नेटवर्क स्थापन झाले. २०१३ पासून 'विहान' कार्यक्रमाद्वारे अशा नेटवर्कमधील कार्यकर्ते उपचार सोडलेल्यांच्या घरापर्यंत पोचू लागले.

अडचण येथेच आहे. दारात आलेला ओळखीचा कार्यकर्ता पाहूनही शेजारी तर्क बांधतात. म्हणजे आधार घेण्यासाठीही आधी उघडे पडण्याची जोखीम पत्करावी लागते. दुसरीकडे, २०२० च्या करोना साथीत अनेक महिन्यांची औषधे एकदम देण्यावर भर आला. रुग्णांचे हेलपाटे व खर्च वाचले, हे योग्यच झाले. परंतु ज्या रांगेत दोन अनोळखी माणसे एकमेकांना धीर देत, ती रांगही त्यामुळे विरळ झाली.

यावर उपाय अवघड नाहीत. औषधवाटपाच्या दिवशीच एआरटी केंद्रात समदुःखींची बैठक घेतल्यास वेगळा प्रवास वा वेगळे निमित्त लागणार नाही. गावात भेटणे नको असलेल्यांना दूरध्वनीवरून आधार देता येईल. दाखल्यांवर आजाराचे नाव ठळकपणे दिसणार नाही, अशी तरतूद करता येईल. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे समदुःखी कार्यकर्त्याला प्रकल्पाच्या मुदतीपुरते मानधन न देता आरोग्य यंत्रणेत कायमचे स्थान द्यावे लागेल. प्रकल्प संपला की कार्यकर्ता जातो आणि त्याच्यावर विसंबलेला रुग्ण पुन्हा एकटा पडतो. गोळ्यांचा पुरवठा खंडित होऊ नये, याची काळजी शासन घेते. तेवढीच काळजी या नात्याचीही घ्यावी लागेल.