तीन पुढारी, दोन समाधी

आपल्याकडे माणूस गेला कीं त्याचा देह अग्नीच्या स्वाधीन होतो, अस्थि नदीला मिळतात, आणि मागें उरतें तें श्राद्धतिथीचें स्मरण. त्यामुळें समाधीच्या जागेवरून माणसाची योग्यता जोखण्याची संवय आपल्याला फारशी नाहीं. परंतु ज्या लोकांत दफनाची चाल आहे, त्यांच्याकडे अमका पुढारी कोठें पुरला गेला आणि तेथून तो पुढें कां हलविला गेला, हा देशाच्या इतिहासाचाच एक भाग होऊन बसतो. फिलिपाइन्स बेटांतील तीन पुढाऱ्यांची हकीकत या दृष्टीनें आमच्या वाचकांस विचार करण्याजोगी वाटेल.

१८९८ सालीं या बेटांवरील स्पेनची सत्ता गेली आणि अमेरिकेची आली. मध्यंतरीं जपानी लष्करानें बेटें व्यापलीं तो काळ सोडल्यास, ४ जुलै १९४६ रोजीं स्वातंत्र्य मिळेपर्यंत ती कायम होती. या काळांतील राजकारणाचीं सूत्रें मुख्यत्वेंकरून दोघांच्या हातीं होतीं. एक मान्वेल केसॉन व दुसरे सर्जियो ओस्मेन्या. दोघांचाहि जन्म १८७८ सालचा, अवघ्या तीन आठवड्यांच्या अंतरानें झालेला. दोघेहि १९०३ मध्यें वकिलीची परीक्षा उतरले. १९०७ सालीं पहिली लोकनियुक्त सभा भरली तेव्हां ओस्मेन्या तिचे अध्यक्ष झाले आणि केसॉन बहुमतवाल्या पक्षाचे सभागृहांतील नेते. पुढील तीस-पस्तीस वर्षें हे दोघे कधीं हातांत हात घालून, तर कधीं समोरासमोर उभे राहून वागले. १९३३ सालीं ओस्मेन्या व त्यांचे सहकारी मान्वेल रोहास यांनीं वॉशिंग्टनहून स्वातंत्र्याचा कायदा पदरांत पाडून आणला. केसॉन यांनीं तो कायदेमंडळाकडून फेटाळविला आणि पुढच्याच वर्षीं त्याच्याशीं पुष्कळसा मिळताजुळता दुसरा कायदा स्वतः आणला. वाद कायद्याच्या कलमांपेक्षां यशाच्या वाट्याचाच अधिक होता, असें म्हटल्यास तें वावगें होणार नाहीं. १९३५ च्या निवडणुकींत केसॉन राष्ट्राध्यक्ष झाले आणि ओस्मेन्या उपाध्यक्ष.

खरी कसोटी युद्धकाळांत लागली. १९४२ मध्यें केसॉन यांचें सरकार देश सोडून अमेरिकेस गेलें. नोव्हेंबर १९४३ मध्यें त्यांची मुदत संपत होती, आणि राज्यघटनेप्रमाणें ती खुर्ची आतां ओस्मेन्यांची होती. केसॉन क्षयानें जर्जर झाले होते, तरी पद सोडण्यास त्यांचें मन घेईना. अशा वेळीं ओस्मेन्यांनीं हक्काची भाषा केली नाहीं. उलट, केसॉन यांनाच पदावर राहूं द्यावें अशी विनंती त्यांनीं अमेरिकन काँग्रेसला केली, व ती मान्य झाली. त्यानंतर नऊ महिनेहि लोटले नाहींत तोंच, १ ऑगस्ट १९४४ रोजीं, न्यूयॉर्क संस्थानांतील सारानाक लेक येथें केसॉन निवर्तले.

त्यांच्या देहाचा प्रवास मात्र तेथें संपला नाहीं. प्रथम तो वॉशिंग्टनजवळील आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमींत ठेवण्यांत आला. १९४६ सालीं तो युद्धनौकेनें मायदेशीं आणून मनिलाच्या उत्तर दफनभूमींत पुरण्यांत आला. शेवटीं १९ ऑगस्ट १९७९ रोजीं, त्यांच्या जयंतीच्या दिवशीं, त्यांच्याच नांवानें वसलेल्या केसॉन शहरांतील भव्य स्मारकांत तो हलविण्यांत आला. या स्मारकाचे तीन उंच स्तंभ म्हणजे देशाचे तीन विभाग, आणि उंची ६६ मीटर. आतां एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. या स्मारकाकरितां वर्गणी जमविणारी समिति ज्या आज्ञेनें १९४५ सालीं नेमली गेली, त्या आज्ञेवर सही होती राष्ट्राध्यक्ष ओस्मेन्या यांची!

स्वतः ओस्मेन्या १९४६ च्या निवडणुकींत रोहास यांच्याकडून पराभूत झाले. आपली चाळीस वर्षांची सेवा लोकांना ठाऊक आहे, असें म्हणून त्यांनीं मतांसाठीं वणवण केली नाहीं. पुढें ते सेबू येथील आपल्या घरीं परतले आणि १९ ऑक्टोबर १९६१ रोजीं वारले. मनिलाच्या त्याच उत्तर दफनभूमींत त्यांची समाधि आहे. १९४८ सालीं वारलेले रोहास यांचीहि समाधि तेथेंच आहे. १९०४ पासूनची ही विस्तीर्ण भूमि थोरामोठ्यांची आहे तशीच सामान्यांचीहि आहे. निवारा नसलेलीं कित्येक कुटुंबें तेथील थडग्यांच्या आडोशानें संसार करितात.

तिसरे पुढारी होसे आबाद सांतोस हे सरन्यायाधीश होते. १९४२ सालीं केसॉन यांच्याबरोबर परदेशीं जाण्याची संधि असतां ते मायदेशींच राहिले, आणि अध्यक्षांच्या वतीनें कारभार पाहण्याचा भार त्यांनीं पत्करला. सेबू बेटांत जपानी सैनिकांनीं त्यांना मुलासह पकडलें. शत्रूची चाकरी करण्यास त्यांनीं साफ नकार दिला, तेव्हां मे महिन्यांत मिंदानाव बेटावरील मालाबांग गांवीं त्यांना गोळी घालण्यांत आली. रडणाऱ्या मुलाला ते इतकेंच म्हणाले कीं, रडूं नकोस, या लोकांना आपलें धैर्य दाखव. देशासाठीं मरण्याची संधि सर्वांनाच मिळत नाहीं. त्यांचा देह कधींच हातीं लागला नाहीं. पुढें हजार पेसोच्या नोटेवर त्यांची मुद्रा छापली गेली. समाधि मात्र नाहीं.

दरवर्षीं १ नोव्हेंबरला तेथील लोक आपल्या पितृपक्षाप्रमाणें पूर्वजांचें स्मरण करितात. कुटुंबेंच्या कुटुंबें दफनभूमींत जातात, थडगीं स्वच्छ करून मेणबत्त्या लावितात आणि तेथेंच एकत्र बसून जेवतात. त्या दिवशीं आबाद सांतोस यांच्या नांवाची मेणबत्ती लावावयास समाधि अशी कोठेंच नसते.

केसॉन यांची थोरवी कमी लेखण्याचा आमचा हेतु नाहीं; त्यांच्यावांचून त्या देशाचा इतिहास लिहितांच येणार नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, मनोरा दुरून दिसतो, पण तो उभा राहावा म्हणून बाजूला झालेला माणूस जवळ जाऊन शोधावा लागतो. आपल्या एकत्र कुटुंबांतहि हेंच चालतें. कर्त्या पुरुषाची तसबीर दिवाणखान्यांत लागते. परंतु घर फुटूं नये म्हणून ज्या धाकट्या भावानें आपला वांटा मागितला नाहीं, ज्या जावेनें आपला मान सोडला, त्यांचें नांव तिसऱ्या पिढींत कोणाच्या तोंडीं असतें? येत्या सर्वपित्री अमावास्येस पानें वाढलीं जातील, तेव्हां घरांतील वडील माणसांनीं मुलांना अशा एखाद्या विसरलेल्या नांवाची हकीकत अवश्य सांगावी.