उधना-लिंबायतची मराठी शाळा

सुरतेचे नाव निघाले की मराठी माणसाला 1664 आणि 1670 ही दोन साले हटकून आठवतात. बडोद्याचे अथवा इंदूरचे आप्त भेटले म्हणजे ‘लुटीच्या गावात मराठी शाळा कशी काय चालविता?’ अशी थट्टाही करतात. त्यांना मी आणखी एक साल सांगतो, 1844. मराठी भाषेचे व्याकरण लिहिणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर त्या वेळी सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत शिक्षक होते. दुर्गाराम मेहताजी हे येथील गुजराती शाळेचे मास्तर. जातिभेद व अंधश्रद्धा यांविरुद्ध आवाज उठविणारी मानवधर्म सभा सुरतेत त्याच साली निघाली, आणि तिच्या मुळाशी हे दोन शाळामास्तर होते. आम्हा शिक्षकमंडळींना सुखावणारी ही गोष्ट आमच्या आप्तांना मात्र सहसा ठाऊक नसते.

तथापि उपनगरातील आमची शाळा काही दादोबांच्या वारशाने आलेली नाही. ती आली तापी खोऱ्याच्या रेल्वेने. 1900 च्या सुमारास हा मार्ग पुरा झाला आणि जळगाव, धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर ही गावे सुरतेशी जोडली गेली. पुढे सुरतेत यंत्रमाग वाढले, रंगाई-छपाईचे कारखाने आले, आणि दुष्काळाने अथवा शेताच्या तुकड्यांनी गांजलेला खानदेशी माणूस पत्र्याची पेटी घेऊन उधन्याला उतरू लागला. 1960 साली राज्ये दोन झाली, परंतु गाडी थांबली नाही. उधना, लिंबायत, डिंडोली, नवागाम, पांडेसरा येथील वस्त्या अशा वसल्या. माणसे स्थिरावली तशी मुले आली, आणि मुलांमागून शाळा आली. सुरतेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीखेरीज मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा अनेक माध्यमांच्या शाळा चालविते. या एका बाबतीत आमच्या शहराचे मन मोठे आहे, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे.

आमच्या वर्गात भाषेचा प्रकार मोठा मौजेचा असतो. घरात अहिराणी, गल्लीत गुजराती, कारखान्यात हिंदी, आणि मराठी तेवढी शाळेत! ‘काय करी राहना?’ असे आईशी बोलणारा मुलगा आमच्यासमोर उभा राहून ‘काय करीत आहेस?’ हे वाक्य परक्या पाहुण्यासारखे म्हणतो. प्रमाण मराठी ही त्याची मातृभाषा नव्हे, फार तर मावशीची भाषा. जळगावच्या बहिणाबाईंचे नाव घेतले की मात्र चेहरे उजळतात. ही तर आपल्या आजीची बोली, असे त्यांना वाटते. क्रमिक पुस्तके पुण्याहून नव्हे, गांधीनगरच्या पाठ्यपुस्तक मंडळाकडून येतात. गुजराती लिपीला शिरोरेषा नाही, त्यामुळे मराठीच्या वहीतही डोक्यावरची रेघ अनेकांच्या हातून निसटते. पूर्वी मी ती लाल शाईने काढून देत असे. आता फक्त ‘टोपी घाला’ एवढेच म्हणतो. पहिली ते आठवीपर्यंत गुजराती सक्तीची करणारा कायदा 2023 साली झाला. आमच्या मुलांना त्याचे भय वाटले नाही, कारण ती भाषा त्यांना भाजीच्या गाडीवर केव्हाच आलेली असते.

शाळेचे वर्ष सरकारी वेळापत्रकाने चालते असे कागदावर असते. प्रत्यक्षात ते खानदेशच्या पंचांगाने चालते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई बसते, सोमवारी विसर्जन होते, आणि त्या सोमवारी हजेरीपत्रकात गैरहजेरीच अधिक दिसते. अखाजी कधी वार्षिक परीक्षेच्या तोंडावर आली तर आया मुलांना घेऊन अगोदरच गाडी गाठतात. 1994 च्या सप्टेंबरात प्लेगच्या धास्तीने लाखो माणसे सुरत सोडून गेली, तेव्हा या वस्त्यांनीही याच लाइनीवरून गाव गाठले होते. 2020 च्या टाळेबंदीतही परतीची ओढ तीच होती. चोवीस डिसेंबरला साने गुरुजींच्या जयंतीस मी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलाविषयी सांगतो. 1924 ते 1930 पर्यंत गुरुजी तेथे शिक्षक होते. अमळनेर तालुक्यातील घरांची मुले त्या दिवशी ताठ बसतात.

परंतु खरी चिंता नववीची आहे. पूर्वी समितीची शाळा सातवीला संपे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानंतर आठवी प्राथमिकला जोडली गेली. कायद्याचे बोट तेथेच सुटते. महापालिकेने ‘सुमन’ या नावाने स्वतःच्या माध्यमिक शाळा काढल्या, त्यांत मराठी माध्यमाचीही सोय झाली, आणि अनेक घरांतील पहिला मॅट्रिक त्यामुळे घडला. तरीही आठवीचा दाखला निघतो तो प्रत्येक वेळी नववीत पोहोचतोच असे नाही. मुलगा चौदा वर्षांचा झाला की एम्ब्रॉयडरीच्या खात्यावरून बोलावणे येते. मुलगी असेल तर घरी साड्यांना लेस लावणे, धागे कापणे आणि धाकट्या भावंडांना सांभाळणे तिच्या वाट्याला येते. शाळा चालत जाण्याच्या अंतरावर असेल तर बाप मान डोलावतो. रिक्षाचे भाडे पडणार असेल तर ‘बघू’ म्हणतो. या ‘बघू’चा अर्थ आम्ही चांगला ओळखतो.

मराठी माध्यमाचे वर्ग रोडावत आहेत म्हणून आपले लोक हळहळतात. माझे मत थोडे निराळे आहे. पोर गुजराती वा इंग्रजी माध्यमात गेले तर मला वाईट वाटते, पण झोप उडत नाही. ते कोठल्याच माध्यमात गेले नाही तर उडते. म्हणून जूनमध्ये आम्ही शिक्षक समितीच्या शाळांतून आठवीच्या याद्या आणतो आणि दाराशी जातो. जाण्याची वेळ निवडावी लागते. मागावर बारा-बारा तासांची पाळी असते, रात्रपाळीचा बाप दिवसा एकाच खोलीत झोपलेला असतो, त्याला उठविणे बरे नव्हे. संध्याकाळी सात वाजता पाळी बदलते, तेव्हा दोन्ही पाळ्यांचे बाप जागे सापडतात.

त्या एकाच खोलीमुळे अभ्यासही घरी होत नाही. म्हणून दहावीच्या मुलांसाठी दोन वर्ग सायंकाळी साडेआठपर्यंत उघडे ठेवतो. आया जेवणाचा डबा तेथेच आणून देतात. मुलींना घ्यायला त्यांतल्याच दोघी-तिघी आळीपाळीने येतात. व्हरांड्यात बसून त्यांच्या लेस लावण्याच्या साड्याही पुऱ्या होतात. गेल्या वर्षी त्यांपैकी एकीने मला विचारले, ‘सर, मना सारखीले आता दहावी करता ई का?’ तिचा बाहेरून परीक्षेस बसण्याचा अर्ज आम्ही भरला आहे. गणिताची धास्ती आहे, ते तिची मुलगीच शिकविते.