कागद सरकारचा, किल्ली कोणाची?

सार्वजनिक दस्तऐवज वाचता यावा म्हणून नागरिकाने कोणा खाजगी कंपनीचे गिऱ्हाईक व्हावे काय, हा प्रश्न आपल्या चळवळीने अद्याप गंभीरपणे विचारलेला नाही. शासन निर्णय, निविदा, न्यायालयांचे निकाल, लाभार्थींच्या याद्या असा राज्यसंस्थेचा बराचसा व्यवहार आज पीडीएफच्या रूपाने जनतेसमोर येतो. तो वाचण्याची आणि त्यावर लिहिण्याची साधने कोणाच्या हाती असावीत, ही बाब तंत्रज्ञांवर सोपवून आपण मोकळे झालो आहोत. ही चूक आहे आणि तिची किंमत आपले सभासद मोजत आहेत.

निवृत्तीनंतर मी घरकामगार स्त्रियांच्या एका संघटनेच्या कार्यालयात अर्ज-विनंत्यांचे काम पाहतो. तेथील संगणक देणगीत मिळालेला, जुना. त्यावर लिनक्स चालते. एका कचेरीने पात्र अर्जदारांची शंभरावर पानांची मराठी यादी प्रसिद्ध केली. एका सभासदाचे आडनाव शिंदे. ‘शिंदे’ हा शब्द आम्ही यादीत शोधला. संगणकाने एकही नोंद दाखवली नाही. “ताई, तुमचं नाव नाही,” असे मी स्वतः त्यांना सांगितले. त्या काही न बोलता परत गेल्या. दोन दिवसांनी दुसऱ्या कोणासाठी तीच यादी पानोपान चाळत असता त्यांचे नाव समोर आले. यादीत शिंदे आडनावाच्या अनेक स्त्रिया होत्या. संगणकाच्या लेखी त्यांतील एकही अस्तित्वात नव्हती.

असे का व्हावे? पीडीएफ हे मुळात छापील पानाचे हुबेहूब रूप. कोणते अक्षरचिन्ह पानावर कोठे बसवायचे, हे त्यात नेमके नोंदलेले असते. त्या चिन्हांचा अर्थ सांगणारी तालिका मात्र फाइल तयार करणाऱ्याने नीट जोडावी लागते. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण कागदावर त्याच्या आधी काढली जाते. तालिका सदोष असली की संगणकाला आधी वेलांटी आणि मग ‘श’ असा क्रम सापडतो व शोध फुकट जातो. युनिकोडपूर्व टंकांत तर मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या घरांत बसवलेली असत. अशा मजकुराची नक्कल केली की हाती रोमन चिन्हांचा निरर्थक ढीग येतो. दृष्टिहीन वाचकाला मजकूर वाचून दाखवणारी आज्ञावलीही तोच ढीग वाचते. दोष फाइलीतच असल्यामुळे महागडी आज्ञावली विकत घेऊनही तो हटत नाही.

आता मालकीचा प्रश्न पाहू. ऍडोबी कंपनीने १९९३ मध्ये हे स्वरूप बाजारात आणले. २००८ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झाले, म्हणजे कागदोपत्री सर्वांचे झाले. परंतु अर्ज भरण्याची एक्सएफए ही पद्धत कंपनीच्याच हाती राहिली. अशा अर्जाच्या जागी मुक्त वाचकांत बहुधा ‘कृपया थांबा’ एवढाच मजकूर दिसे. आपल्या कंपनी व्यवहार मंत्रालयाचे अर्ज कित्येक वर्षे याच पद्धतीचे होते. २०२२ पासून ते टप्प्याटप्प्याने संकेतस्थळावर भरण्याची सोय झाली. २०१३ मध्ये ऍडोबीने लिनक्ससाठीच्या आपल्या वाचकाची शेवटची आवृत्ती काढली आणि पुढच्या वर्षी तीही काढून घेतली. त्याच २०१३ मध्ये चित्रण व मांडणीच्या आज्ञावलींच्या नव्या आवृत्त्या विकण्याऐवजी भाड्याने देण्याचे धोरण तिने जाहीर केले. कुळकायद्याचा इतिहास ठाऊक असलेल्यांना हा संबंध ओळखता येईल: कसणूक आपली, मालकी दुसऱ्याची आणि खंड दरमहा.

या खंडवसुलीला पर्याय उभा आहे आणि तो समाईक श्रमांतून उभा राहिला आहे. डेरेक नूनबर्ग यांनी १९९५ मध्ये एक्सपीडीएफ हा वाचक प्रसिद्ध केला. त्याच्या आधारे २००५ मध्ये पॉपलर हा गाभा तयार झाला आणि ऑक्युलर, एव्हिन्स हे वाचक त्यावर उभे राहिले. ऑक्युलरमध्ये टीपा लिहिता येतात, साधे अर्ज भरता येतात आणि २०२१ पासून डिजिटल स्वाक्षरीही करता येते. २०२२ मध्ये जर्मनीची ‘ब्लू एंजल’ ही पर्यावरण-मुद्रा मिळवणारी ती पहिली आज्ञावली ठरली. जुन्या यंत्रांवर चालणे हा त्या कसोटीचाच भाग आहे. पाने जोडण्या-तोडण्यासाठी पीडीएफ अरेंजर आहे. चित्ररूप पानांतील अक्षरे ओळखण्यासाठी टेसरॅक्ट आहे आणि त्याला मराठी येते. आमची यादी शेवटी त्याच मार्गाने शोधण्याजोगी झाली.

येथे दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की मुक्त साधने अपुरी आहेत. हे अंशतः खरे आहे. लिबरऑफिस ड्रॉमध्ये मराठी पीडीएफ उघडून मजकूर दुरुस्त करू पाहणाऱ्याची जोडाक्षरे विस्कटतात, आणि टेसरॅक्टही जुन्या छपाईपुढे अडखळते. पण छापून झालेल्या पानात खाडाखोड करण्यापेक्षा मूळ मसुदा दुरुस्त करणे केव्हाही योग्य, आणि तो मसुदा जपून न ठेवणे हा दोष आपला आहे. दुसरा आक्षेप उघड बोलला जात नाही, आचरला जातो: चोरीची प्रत फुकट मिळत असता हा खटाटोप कशाला? मित्रहो, चोरीच्या प्रतीने मक्तेदारीला धक्का बसत नाही. तिच्यामुळे सवय मालकाच्या साधनाचीच लागते आणि आपले श्रम समाईक साधनाला कधीच मिळत नाहीत.

खरा आरोप मला आपल्यावरच करायचा आहे. आपण ही साधने वापरतो ती फुकट म्हणून, आपली म्हणून नव्हे. वेलांटी चुकली तर चरफडतो; पण ज्या पानावर ती चुकली त्याचा नमुना, नीट वर्णनासह, ती आज्ञावली घडवणाऱ्यांकडे किती कार्यालयांनी पाठवला? आमच्या कार्यालयाने गेल्या वर्षापर्यंत एकही नाही. देवनागरी न जाणणारा दूरदेशीचा कार्यकर्ता आपली चूक कशी ओळखणार? त्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. सदोष पाने नोंदवणे, सूचनांचे मराठी भाषांतर तपासणे, टेसरॅक्टच्या चुका टिपणे, ही कामे कोणताही साक्षर कार्यकर्ता करू शकेल. आणि आपली स्वतःची पत्रके जुन्या टंकांत काढणे तर उद्यापासून थांबवता येईल.

सरकारकडेही मागणी हवी. ई-प्रशासनात खुल्या मानकांचे धोरण केंद्राने २०१० मध्ये आणि मुक्त आज्ञावलींचे धोरण २०१५ मध्ये स्वीकारले आहे. प्रत्येक मराठी दस्तऐवज युनिकोडमध्ये, शोधता येईल असा असावा, याद्यांसोबत त्यांचा मूळ तक्ता द्यावा आणि कोणताही अर्ज मुक्त साधनाने भरता यावा, एवढे आपण मागितले पाहिजे. युरोपात २०१० साली नागरिकांनी आपल्या संकेतस्थळांवर मालकी वाचकाची जाहिरात करणाऱ्या दोन हजारांहून अधिक सार्वजनिक संस्थांची यादी केली होती. आपल्याला एका जिल्ह्यापासून आरंभ करता येईल.

त्या शिंदेताईंना मी निरोप पाठवला आणि त्यांचा अर्ज मुदतीत गेला. तो गेला तो योगायोगाने. नागरिकाचा हक्क योगायोगावर ठेवायचा नसेल, तर हे काम आपले आहे, हे आधी मान्य केले पाहिजे.