विशेषणांचा हिशेब

दिवाळीची सुटी संपवून मुले परत आली, की मराठीच्या मास्तराने त्यांना 'आमच्या घरची दिवाळी' या विषयावर निबंध लिहावयास सांगावे, हा आमच्या धंद्याचा कुळाचार आहे. विषय शिळा, पण तपासणाऱ्याला सोपा. गेल्या वर्षी मीही तो कुळाचार पाळला आणि अकरावीच्या वर्गाचे साठएक निबंध पिशवीत घालून घरी आणले. सगळे काही जिथल्या तिथे होते. फराळ होता, किल्ला होता, चकलीवरून झालेली भावंडांची भांडणे होती. मात्र 'घरच्या परंपरा' या परिच्छेदाशी आलो आणि मला एक गंमत दिसू लागली. उटणे, पणत्या, आकाशकंदील, कारीट फोडणे आणि त्याच ओळीत, त्याच मानाने, मोती साबण! एखाद्या निबंधात नव्हे, चांगल्या बावीस निबंधांत. एका चिरंजीवांनी तर उटणे वगळले होते. साबण वगळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात म्हणालो, "अरे, उटणं ही परंपरा, हे मला समजतं. पण साबण? तो टाटा ऑइल मिल्सनं काढला, पुढे हिंदुस्थान लिव्हरकडे गेला. त्याच्या वेष्टनावर किंमत छापलेली असते. ही कसली परंपरा?"

पहिल्या बाकावरच्या मुलाने शांतपणे विचारले, "सर, तुमच्या घरी नाही आणत?"

आता काय सांगावे? आमच्या घरी तो येतो. वडील होते तेव्हा ते आणीत, आता मी आणतो. त्या वासावाचून नरकचतुर्दशीची पहाट झाली असे मला वाटतच नाही. माझी मुद्रा पाहून वर्ग हसला, मीही हसलो. पण त्या हसण्यात माझे पांडित्य बरेच वाहून गेले. विकत आणलेली वस्तू आठवणीत कधी शिरते आणि आठवणीतून कुळाचारात कधी जाऊन बसते, हे मुलांना विचारण्याआधी मी स्वतःला कधी विचारलेच नव्हते.

तेव्हा मी ठरवले की, दर शनिवारचा एक तास जाहिराती वाचण्यासाठी द्यावयाचा. पाहण्यासाठी नव्हे, वाचण्यासाठी. कवितेचे रसग्रहण करतो तसे. प्राचार्यांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "परीक्षेला नाही ना? मग शिकवा खुशाल." आमच्याकडे ज्ञानाला याहून अधिक मोकळीक क्वचितच मिळते.

पहिल्या शनिवारी मी एक साधा खेळ लावला. कोणतीही जाहिरात घ्यायची आणि तिच्यातली सगळी विशेषणे पेन्सिलीने खोडायची. 'नवे', 'सुधारित', 'अस्सल', 'शुद्ध', 'घरगुती', 'आईच्या हातचे' असे एकेक गडी बाद होऊ लागले. शेवटी एका मसाल्याच्या अर्ध्या पानी जाहिरातीत 'मसाला' आणि 'किंमत' हे दोनच शब्द नाबाद राहिले. मुलांना मोठी मौज वाटली. मग मी फळ्यावर चार प्रश्न लिहिले. हे कोण बोलत आहे? बोलण्याचे पैसे कोणी दिले? माझ्यात काय कमी आहे असे हे मला सांगत आहे? आणि या चित्रात कोण दिसत नाही? व्याकरणाच्या तासाला जांभया देणारी मुले या चार प्रश्नांवर तुटून पडली.

एक मुलगा मात्र म्हणाला, "सर, हे सगळं तुमच्या पिढीचं. आम्ही जाहिरात बघतच नाही. पाच सेकंदांनी उडवतो."

त्याला आणि त्याच्या शेजारणीला, म्हणजे त्याच इमारतीत राहणाऱ्या एका मुलीला, मी पुढे बोलावले आणि दोघांचे फोन टेबलावर शेजारी शेजारी ठेवावयास लावले. दोघांनी तेच ॲप उघडले आणि बोटाने वर सरकवत राहिले. त्याच्या फोनवर बूट, पीळदार दंड आणि दंड फुगवण्याची पूड. तिच्या फोनवर चेहऱ्याला लावायची द्रव्ये, केसांची द्रव्ये, पुन्हा चेहऱ्याची द्रव्ये. "मी कधी काही विकत घेतलं नाही," ती म्हणाली. घ्यावे लागतही नाही. बोट कुठे क्षणभर थबकले, याचीही नोंद होते आणि पुढचे चित्र त्या नोंदीवरून निवडले जाते. जाहिरात उडवणाऱ्या चिरंजीवांना जे 'जाहिरात' वाटत नव्हते, त्यातले निम्मे जाहिरातच होते.

मला त्या वेळी आमची चाळ आठवली. रविवारी सकाळी एका घरातल्या दूरदर्शन संचासमोर वीस-पंचवीस माणसे बसत. सर्वांना एकच जाहिरात दिसे. कोणीतरी तिची नक्कल करी, बाकीचे हसत आणि त्या हसण्याने तिचा अर्धा अंमल तिथेच उतरे. आता प्रत्येकाच्या तळहातावर वेगळी जाहिरात, आणि ती एकट्याने पाहावयाची. हसावयाला सोबत नाही. मुलांना मी हे सांगितले, तेव्हा ती जरा गप्प झाली. मला वाटले, तास चांगला झाला.

तिसऱ्या शनिवारी मी गोरेपणाच्या क्रीमचा धडा घेतला. तयारी कसून केली होती. मुंबई दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. दूरदर्शनवर जाहिराती येऊ लागल्या १ जानेवारी १९७६ पासून. 'फेअर अँड लव्हली' हे क्रीम बाजारात आले १९७५ साली. म्हणजे क्रीम आणि जाहिरातींचा पडदा जवळजवळ एका वयाचे. मग पुढची कित्येक वर्षे एकच गोष्ट नाना तऱ्हांनी सांगितली गेली. सावळी मुलगी उदास आहे; तिला नोकरी मिळत नाही, स्थळ मिळत नाही. ती क्रीम लावते आणि गोष्टीचा शेवट गोड होतो. २००५ साली पुरुषांसाठीही निराळे क्रीम निघाले. (येथे मागच्या बाकांवरचे हसणे एकाएकी थांबले.) २०१४ साली जाहिरात मानक परिषदेने नियम केला, की सावळा माणूस दुःखी, अनाकर्षक किंवा अपयशी दाखवावयाचा नाही. २०२० साली जगभर वर्णभेदाविरुद्ध आवाज उठला, तेव्हा त्या क्रीमच्या नावातला 'फेअर' गेला आणि 'ग्लो' आला. त्याच वर्षी एका मोठ्या विवाह-संकेतस्थळाने वर्णावरून स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली.

"म्हणजे बघा," मी विजयी स्वरात म्हणालो, "आपल्याकडे पंढरीचा विठोबा सावळा, द्रौपदीचं एक नावच कृष्णा, शेतकऱ्याची जमीन म्हणजे काळी आई. आणि या जाहिरातींनी आपल्याला शिकवलं काय, तर गोरं ते सुंदर!"

घंटा व्हायला दहा मिनिटे होती. खिडकीजवळ बसणारी एक मुलगी उठली. ही फारशी बोलत नसे. तिने वहीतून वर्तमानपत्राची चार कात्रणे काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. वधूवरांच्या जाहिराती होत्या. 'गोरी', 'निमगोरी', 'उजळ', 'गोरी, सडपातळ वधू पाहिजे.'

"सर, याही जाहिरातीच आहेत ना? मग तुमचे चार प्रश्न यांनाही लावायचे का?"

"लाव की," मी म्हणालो.

"कोण बोलतंय? मुलीचे वडील नाहीतर मुलाची आई. पैसे कोणी दिले? त्यांनीच. क्रीमच्या कंपनीनं नाही दिले. मग सर, हे आपल्याला कोणी शिकवलं?"

मी उत्तर देण्यासाठी तोंड उघडले आणि माझ्या लक्षात आले की, मला उत्तर ठाऊक आहे.

२००४ सालची गोष्ट. मी नुकताच एम. ए. होऊन तासिका तत्त्वावर शिकवू लागलो होतो. धाकट्या बहिणीसाठी स्थळे पाहणे चालू होते आणि वर्तमानपत्रात जाहिरात द्यावयाची ठरली. घरात मराठीचा पंडित एकच. मसुदा माझ्याकडे आला. बहीण सावळी आहे. मी प्रथम 'सावळी' लिहिले. आई म्हणाली, "खोड ते." मी 'स्मार्ट' लिहून पाहिले, त्याचा अर्थ 'काळी' असाच घेतात, असे मावशीने सांगितले. अखेर मी 'गव्हाळ' हा शब्द काढला आणि सर्वांनी माझ्या शब्दप्रभुत्वाचे कौतुक केले. मग मजकूर लांबला. जाहिरातीला शब्दागणिक पैसे पडत. वडील म्हणाले, चार शब्द कमी कर. मी 'पेटी उत्तम वाजवते' हे शब्द काढले. ते खरे होते. 'गव्हाळ' ठेवला; तो खोटा होता.

रविवारी जाहिरात छापून आली. बहिणीने ती वाचली आणि म्हणाली, "दादा, ही मुलगी कोण रे? मला एकदा भेटव तिला." घर हसले. पुढे कित्येक वर्षे तो विनोद आमच्याकडे पाहुण्यांना सांगितला जाई; सांगणारा बहुधा मीच असे.

हे सारे मला वर्गात आठवले. घंटेला अजून सात मिनिटे होती. वाटले, विषय बदलावा. 'पुढच्या तासाला पाहू' म्हणावे. मास्तराजवळ हे हुकमी वाक्य असते. पण ती मुलगी अजून उभीच होती, आणि तिचा रंग माझ्या बहिणीसारखा होता. मी खुर्चीवर बसलो आणि मुलांना ती हकीकत सांगितली. पेटीसुद्धा सांगितली. काखेत कळसा ठेवून आपण तीन शनिवार गावाला वळसा घालत होतो, असेही म्हणालो. कोणी हसले नाही. घंटा झाल्यावर ती मुलगी कात्रणे गोळा करून निघून गेली.

त्या रात्री बहिणीला फोन केला. ती नाशिकला असते. तिचा संसार सुखाचा आहे. नवरा भला माणूस आहे आणि त्याने ती जाहिरात वाचलीही नव्हती, स्थळ ओळखीतून आले होते. मी म्हणालो, "तो गव्हाळचा विनोद... तुला तेव्हा वाईट वाटलं होतं का गं?"

ती जरा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "टीव्हीवरच्या त्या जाहिराती मी रोज बघत होते, दादा. त्या पोरीच्या जागी मी आहे असं मला कधी वाटलं नाही. म्हटलं, यांना डबी विकायची आहे. पण तू लिहिलंस ना, तेव्हा मात्र वाटलं, की खरंच असणार. तुला तर काही विकायचं नव्हतं."

खरे तर मलाही विकावयाचेच होते. पण हे तिला फोनवर सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

चौथ्या शनिवारी मी मुलांना छापील जाहिरात आणू नका, असे सांगितले. त्याऐवजी घरातल्या माणसांनी आपल्याला लावलेली विशेषणे एका कागदावर लिहून, नाव न घालता, घडी करून आणावयास सांगितले. अठ्ठावन्न कागद आले. ते मी वर्गात वाचून दाखवले नाहीत आणि येथेही लिहिणार नाही. एवढेच सांगतो की, 'काळी' हा शब्द बराच होता, 'जाड्या' होता, 'हिला गणित जमायचं नाही' हे वाक्य होते. आणि बहुतेक ठिकाणी ती प्रेमाने, हसत-हसत दिलेली नावे होती. आपण घरात जे थट्टेने बोलतो तेच ऐकून बाजार आपली दुकाने मांडतो. क्रीम विकणाऱ्याने आमच्या मनात न्यूनगंड निर्माण केला, असे म्हणणे सोयीचे असते. त्याने आमच्या बैठकीतला शब्द उचलला, त्याला सुंदर चेहरा आणि संगीत दिले, आणि व्याजासकट आम्हाला परत विकला. म्हणून त्याचा दोष कमी होत नाही. पण मुलांना त्याचा दोष दाखवावयाचा, तर आधी आपले खाते उघडून दाखवावे लागते; नाहीतर मुले 'हो सर' म्हणतात आणि फोन उघडतात.

जाहिरातींचे तास या वर्षीही चालू आहेत. चार प्रश्नांत मी पाचवा घातला आहे : हा शब्द याआधी मी कोणाच्या तोंडून ऐकला होता?

भाऊबीजेला बहीण येणार आहे. बरोबर भाची असेल. ती आता पंधरा वर्षांची झाली. परवा फोनवर बहीण म्हणत होती, "कार्टी दिवसभर आरशासमोर असते. कुठलंसं 'ग्लो'चं काहीतरी मागवू दे म्हणून मागे लागलीय. माझं ऐकत नाही. तू शिकवतोस ना कॉलेजात हे सगळं? मग तू सांग तिला, मामा आहेस तिचा. पण एक कर. क्रीमपासून सुरुवात करू नकोस, त्या जाहिरातीपासून कर. तू लिहिलेल्या."

मी बरे म्हटले आहे. वडिलांच्या जुन्या पेटाऱ्यात ते कात्रण सापडले. वडिलांनी जपून ठेवले होते. माळ्यावरची पेटीही खाली काढली आहे. तिचे दोन सूर बोलत नाहीत. दुरुस्तीवाला धनत्रयोदशीच्या आत आणून देतो म्हणाला आहे. साबणही आणून ठेवला आहे. तोच.